फाटकापलीकडची शांत बेटं

बालुगाव
२ डिसेंबर १९९५

प्रिय मकर,

तू लिहिलं नाहीस म्हणून मी लिहिलं नाही, आणि मी लिहिलं नाही म्हणून तू. या वयात असा मान धरून बसायला आपण काही नव्या सुना नाही, म्हणून मीच आधी वाकते. पाकिटावर नेहमीसारखं तुझ्या लेकाचं, दाशरथीचंच नाव घातलंय. पाण्यातल्या कालिजाईच्या डोंगरीवर संक्रांतीला एकमेकींच्या तोंडात ओल्या तांदळाचा घास घालून आपण मकर, जन्माच्या मैत्रिणी, झालो, त्या दिवसापासून तुझं नाव मी तोंडात घेतलेलं नाही, मग कागदावर कशी घेईन? तुझ्या सुनेने, सुलोचनेने, हे तुला वाचून दाखवावं. तिला माझा आशीर्वाद.

माझ्या छातीत पाणी झालंय म्हणतात. आयुष्यभर चिलिकेच्या काठी राहिले, आता चिलिका माझ्यात शिरली. डॉक्टरने ओसरीपर्यंतच चालायची परवानगी दिली आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या बिरंचीने पांढरी लाँच घेतली आहे. वर छत, आत खुर्च्या. भुवनेश्वरकडचे पाहुणे आणून त्यांना तो ‘शांत बेटांची सफर’ घडवणार आहे. पण पहिली फेरी संक्रांतीला, फक्त घरच्यांची. मला म्हणाला, “बोउ, तुझ्या मकरला घेऊन जाऊ.” पोराने आईला आपणहून असं म्हणावं, मला रडूच आलं. आधी कालिजाईचं दर्शन, तिथे आपण दोघी एका पानावर भिजल्या तांदळाचं मकर-चाऊल खाऊ, आणि मग पलीकडची बेटं. तिथे म्हणे आता ना होड्यांची वर्दळ, ना कुणाची हाकाटी, नुसते पक्षी.

तीन संक्रांती आपण एका पानावर जेवलो नाही. एकदा माझं सुतक, एकदा तुझे गुडघे, एकदा माझा खोकला. पुढच्या संक्रांतीचं मी सांगू शकत नाही. लाँच तुमच्या घाटाला येईल, तू फक्त बस. येशील ना?

तुझी
मकर


सानकुद
११ डिसेंबर

मकर,

तुझी चिठ्ठी सुलोचनेने दोनदा वाचली. एकदा मला ऐकू आली नाही म्हणून, एकदा ऐकू आली म्हणून.

छातीतल्या पाण्याचं वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टरने ओसरीपर्यंत सोडलंय म्हणजे बरं आहे, लहानपणी तर तुझा बाप तुला तिथपर्यंतही सोडत नव्हता.

लाँचचं म्हणशील, तर बिरंचीची हौस मोठी. लहानपणी आमच्या होडीत बसवलं की तो होडी ओली करायचा, आता स्वतःची घेतली हे छान झालं. पण खुर्च्या कशाला? पाण्यावर माणसाने उकिडवं बसावं. खुर्चीत बसून पाणी बघायचं म्हणजे नाटक बघितल्यासारखं.

माझं येणं काही जमेलसं दिसत नाही. मला लाँचचा धूर सोसत नाही. आता तू म्हणशील, हिचा जन्म चुलीपुढे गेला. तो धूर घरचा होता. आणि दुसरं म्हणजे मला हल्ली होडी लागते. पाण्यावर गेलं की डोकं गरगरतं.

इथे सुलोचनेने हात थांबवला. म्हणते, “आई, बेहेराची बायको, कोळ्यांच्या मुख्याची विधवा, तिला होडी लागते असं लिहिलं तर कोण खरं मानेल?” मी म्हटलं, तू लिही, माझी मकर सगळं खरं मानते, लहानपणापासून तिची तीच खोड आहे.

इकडे सगळं ठीक आहे. दाशरथी बरेचदा घरीच असतो, छपराचं काम काढलंय. छप्पर तेवढंच आहे, काम मात्र संपत नाही. मासे काय, मासे पाण्यात असतातच.

तू जा. कालिजाईला माझाही नमस्कार सांग. पुढल्या वर्षी बघू.

तुझी मकर


बालुगाव
१९ डिसेंबर

प्रिय मकर,

तुला होडी लागते हे वाचून मी इतकी हसले की खोकल्याची उबळ आली, आणि सून औषध घेऊन धावत आली. अगं, तुझा दाशरथी होडीत जन्मला. वाऱ्यात होडी गोल फिरत होती आणि तू सुइणीला सांगत होतीस, “आधी सुकाणू धर, मग मला धर.” ही गोष्ट तूच मला इतक्यांदा सांगितली आहेस की आता मला वाटतं मी तिथे होते.

तेव्हा बहाणे पुरे. माझ्यावर रागावली असशील तर सांग. इतक्या वर्षांत मी काही बोलून गेले असेन.

तुझा राग जावा म्हणून आमच्या गड्याच्या हाती सणाचा भार पाठवते आहे. गुळाचे आरिसा आहेत, वाफवलेले मंडा आहेत, नारळ, केळी आणि सुलोचनेला साडी. आरिसा मी स्वतः ओसरीवर बसून थापले. डॉक्टरला सांगू नकोस.

आणि बिरंचीची आस्था तर विचारू नकोस. रोज जेवताना विचारतो, “मकरमावशींचं उत्तर आलं?” वर्तमानपत्राचा फोटोवाला बोलावलाय त्याने, आपल्या दोघींचा फोटो काढायला. म्हणाला, मावशींना सांग, बेहेराघरचं चांदीचं कडं घालून या. बेहेराघरची बाई माझ्या लाँचवर पहिल्यांदा बसली की सगळं मार्गी लागेल, असं म्हणतो. आजकाल कुठला मुलगा आईच्या मैत्रिणीला इतका मान देतो?

हो म्हण. मी वाट बघते.

तुझी
मकर


सानकुद
२७ डिसेंबर

मकर,

भार पोचला. आरिसा छान झाले होते, गूळ जरा कमी पडलाय. तुझा हात लहानपणापासून गुळाला आखडता.

तुझ्यावर रागवायचं तर मला आधी कारण शोधावं लागेल, आणि या वयात वाकून शोधाशोध होत नाही. राग नाही.

फोटोचं मात्र सांग. तो फोटो जाणार कुठे? माझ्या तोंडात आता चार दात, तेही एकमेकांशी बोलत नाहीत. हा चेहरा वर्तमानपत्रात बघून कुणाचं काय मार्गी लागणार? बिरंचीला एकदा विचारून बघ.

खरं सांगू? तुझी पहिली चिठ्ठी आल्यापासून मन तिकडेच आहे. सकाळी घाटावर भांडी घासायला बसते आणि पलीकडे बघत राहते. सुलोचना म्हणते, “आई, ती कढई कधीच घासून झाली.” एका पानावर घास नाही तर ती संक्रांत कसली, नुसती थंडी. एकदा वाटतं, जावं, कुणी काय म्हणेल ते म्हणो. एकदा वाटतं, म्हणणारे सगळे आपलेच आहेत.

मकर, मी लाँचवर नाही बसू शकत. कारण विचारू नकोस. माझे गुडघे दुखतात असं समज.

तुझी मकर


सानकुद
२७ डिसेंबर

श्रीमती लबंगलता देवी यांना सुलोचनेचा साष्टांग नमस्कार.

मकरसासूबाई, आईंची चिठ्ठी पोस्टात टाकायला मीच जाते, म्हणून त्याच पाकिटात ही दुसरी घालते आहे. आईंना याचा पत्ता नाही. त्या जे सांगतात ते मी लिहिते, पण आज खोटं लिहिताना माझाच हात अडला.

तुमचा भार आमच्या घरात आलाच नाही. गडी आला तेव्हा पंचांनी त्याला गावाच्या तोंडाशी कडुनिंबाखाली थांबवलं. घेरीवाल्यांच्या घरचं काही घ्यायचं नाही, त्यांच्याकडे पाणीही प्यायचं नाही, असं गावाने ठरवलंय. गडी दिवसभर बसून कंटाळून गेला, टोपल्या तिथेच राहिल्या. संध्याकाळी आई तिथे जाऊन टोपलीशेजारी बसल्या. हात लावला नाही. घरी येऊन म्हणाल्या, “वासावरून सांगते, गूळ कमी पडलाय.” आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तुम्हाला घेरीचं ठाऊक नसावं असं मला वाटतं, नाहीतर तुम्ही अशी चिठ्ठी लिहिली नसती. आमच्या घाटापासून पक्ष्यांच्या बेटांपर्यंतचं सगळं उथळ पाणी बिरंचीबाबूंनी आणि त्यांच्या भागीदारांनी बांबू रोवून, बारीक जाळं लावून घेरलंय. आत कोळंबी सोडली आहे. तीन वर्षं झाली. आमच्या सासऱ्यांच्या, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून सानकुद त्याच पाण्यात जाळी टाकत आलं. आता तिथे एक फाटक आहे आणि रखवालदार आहेत. फाटक लाँचसाठी उघडतं, आमच्या होडीसाठी नाही. माझे यजमान एकदा आत शिरले होते, ते हात मोडून आले. म्हणून ते घरी असतात. छपराला काही झालेलं नाही.

ती बेटं शांत आहेत, कारण तिथे आम्हाला जाऊ देत नाहीत.

फोटोचंही सांगते. फाल्गुनात मासेमारी खात्याचे साहेब गावाची तक्रार ऐकायला येणार आहेत. बेहेराची विधवा चांदीचं कडं घालून लाँचवर बसलेली दिसली, म्हणजे सानकुदची काही तक्रार नाही, असं त्यांना दाखवता येईल. हे मी माझ्या मनचं लिहीत नाही. त्यांचा रखवालदारच फाटकावर बसून बढाई मारत होता.

आईंनी तुम्हाला हे कधीच सांगितलं नसतं. म्हणतात, “तिची छाती आधीच भरलेली आहे, त्यात आणखी कशाला ओतू?” मी ओतलं. क्षमा असावी.

आपली
सुलोचना


बालुगाव
४ जानेवारी १९९६

मकर,

मला सगळं कळलं आहे. कुठून, ते विचारू नकोस.

तू मला गुळाची चव लिहून पाठवलीस. न चाखलेल्या आरिसाची. मी ती ओळ वाचून खूश झाले होते, सुनेला दाखवली होती, “बघ, अजून माझ्या चुका काढते.” तीन वर्षं तू मला गुडघे सांगितलेस, छप्पर सांगितलंस. मी तुझी मकर की दारावरची पाहुणी? माझ्यापासून लपवून तू मला वाचवलंस असं तुला वाटत असेल. मला मात्र मूर्ख झाल्यासारखं वाटतंय.

बिरंचीला जेवताना विचारलं. म्हणाला, “चार बांबू आहेत, बोउ, कागदपत्रं आहेत. सगळेच करतात. मी नाही केलं तर दुसरा करेल, आणि तो सानकुदच्या दोघांना नोकरीही देणार नाही.” मी म्हटलं, दाशरथीचा हात? तो म्हणाला, “तो मी मोडलेला नाही.” मी म्हटलं, मोडणारा जेवतो कुणाच्या जिवावर? तर भात कालवता कालवता म्हणाला, “आणि तुझं औषध कुठून येतं, ते विचारलं नाहीस.”

त्या रात्री मी औषध घेतलं नाही. सकाळी घेतलं. मला जगायचंय, मकर. तुझ्याशी बोलताना याची लाज वाटते, पण जगायचंय.

आता ऐक. शांत बेटांना मी जाणार नाही. फोटोवाला मी रद्द करवला आहे, त्यासाठी दोन वेळा जेवले नाही. पण कालिजाईला लाँचनेच जाईन, कारण दुसऱ्या कशात मला बसता येत नाही. तू तुझ्या होडीने ये. ती डोंगरी ना माझ्या मुलाची ना तुझ्या पंचांची, ती आईची आहे. तिथे घाटाच्या पायरीवर मी बसलेली असेन. तू आलीस की जेवू. नाही आलीस तर उपाशी परत जाईन.

तुझी
मकर


सानकुद
९ जानेवारी

मकर,

तू रागावून लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या गोड चिठ्ठ्या ऐकून मला वाटायला लागलं होतं की तू खरंच म्हातारी झालीस.

सुलोचनेने काय केलं ते मला तुझी चिठ्ठी ऐकतानाच कळलं. वाचताना तिचा आवाज घागरीतून आल्यासारखा येत होता. आत्ता हे लिहितानाही ती मान वर करत नाही. मी रागावले नाही असं तिला वाटू नये म्हणून आजपासून गोठा तिच्याकडे दिलाय.

पंचांपुढे मी स्वतः जाऊन बसले. बायका तिथे जात नाहीत, त्यामुळे मला ऊठ कसं म्हणायचं हे कुणाला सुचेना. खूप वाद झाला. शेवटी मी म्हटलं, बाबांनो, तुमच्या बायका कुणाच्या ना कुणाच्या मकर आहेत. आज माझी मकर तोडलीत तर उद्या घरी जाऊन त्यांना काय सांगाल? तेव्हा ठरलं. मी आमच्याच होडीने जायचं. लाँचला हातही लावायचा नाही. तुमच्या घरचं काही खायचं नाही.

तेव्हा तू काहीही आणू नकोस, मकर. तांदूळ नको, केळं नको. राग मानू नकोस. तांदूळ मी भिजवीन, पान मी आणीन, तू फक्त तोंड आण.

पहाटे निघू. दाशरथीचा हात अजून नीट चालत नाही, म्हणून सुलोचनाही बांबूने होडी ढकलायला येईल. उन्हं तापायच्या आत पोचतो.

तुझी मकर


बालुगाव
१८ जानेवारी

मकरमावशी,

नमस्कार. पत्र मी लिहितो आहे, कारण आईला बसता येत नाही.

संक्रांतीला ती कालिजाईच्या पायरीवर सकाळपासून बसून होती. जत्रेची गर्दी, लोकांचे धक्के. मी म्हटलं वर देवळात बस, तर म्हणाली, मकरला मी दिसायला हवी. काही खाल्लं नाही. दुपारी वारा फिरला आणि लाटांचं पाणी पायरीवर यायला लागलं, तरी उठेना. शेवटी सगळ्या होड्या गेल्या आणि घाट रिकामा झाला, तेव्हा मी तिला उचलून लाँचवर आणलं.

त्या दिवसापासून ताप आहे. छातीतून आवाज येतो. झोपेत आणि जागेपणी एकच विचारते, “मकर आली का?”

तुम्हाला यायचंच नव्हतं तर हो कशाला म्हणालात? माझ्या धंद्याचा राग तुम्ही माझ्या आईवर काढलात. मी वाईट माणूस असेन. तिने तुमचं काय केलं होतं?

तरीही तिच्यासाठी तुमच्यापुढे हात जोडतो. ही चिठ्ठी घेऊन येणाऱ्याकडे उत्तर द्या. परवा लाँच तुमच्या घाटाला पाठवतो. फोटोवाला नसेल, कुणी नसेल, आईची शपथ. तासाभरात तुम्ही तिच्या उशाशी असाल.

बिरंची


सानकुद
१८ जानेवारी

बाबा बिरंची,

तुझा माणूस घाटावर उभा आहे, मी त्याला थांबवून ठेवलंय. सुलोचना भरभर लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

तू विचारलंस, यायचं नव्हतं तर हो का म्हणालात. आम्ही निघालो होतो, बाबा. पहाटे निघालो. दाशरथी एका हाताने, सुलोचना दोन हातांनी, आणि मी मांडीवर भिजल्या तांदळाचं भांडं धरून. तुझ्या फाटकापर्यंत आलो. मला वाटलं, सणाचा दिवस, म्हातारी बाई, देवीला चाललेली, उघडतील. तुझा रखवालदार चांगला मुलगा आहे. मावशी म्हणाला, पायाही पडला. म्हणाला, “हुकूम लाँचचा आहे, होडीचा नाही. उघडलं तर माझी भाकर जाईल.” मी म्हटलं, मग मालकाला विचारून ये. तो म्हणाला, मालक कालिजाईला गेलेत.

मग मागे वळून सानकुदला वळसा घालून बघितलं. पौषात तिकडे पाणी उरत नाही हे आम्हाला माहीत आहे, पण माणूस माहीत असूनही जातं. होडी चिखलात रुतली. दोघं गुडघाभर चिखलात उतरून ढकलत होते आणि मी आत बसून, म्हातारं ओझं. होडी निघाली तोवर वारा फिरला होता. परत फाटकावर आलो. तिथून जत्रेचे शंख ऐकू येत होते. तुझी आई दिसेल इतकी डोंगरी जवळ नव्हती. ती तिथे बसली आहे हे विसरता येईल इतकी लांबही नव्हती.

ती पायरीवर होती, मी फाटकावर. तिलाही वारा तोच लागला. मला ताप आला नाही, कारण कोळ्यांच्या बायकांना ताप यायला वेळ लागतो, एवढाच फरक. संध्याकाळपर्यंत तांदळाला आंबूस वास आला. ते पाण्यात सोडले, आत तुझ्या कोळंबीला. त्यांना तरी सणाचं मिळालं.

आता तुझी लाँच. तू हात जोडलेस ते मला पोचले. तू आईसाठी रडला असशील, हेही मी मानते. तू वाईट नाहीस, बिरंची. तुला फक्त सगळं एकाच वेळी पाहिजे. फोटो नको म्हणतोस, पण घाटावर गावाचे डोळे आहेत आणि साहेबाला जीभ असलेली माणसं भेटतात. मी तुझ्या लाँचवर पाय ठेवला की सानकुदचं पाणी माझ्या पायाने गेलं. मग तुझ्या आईच्या उशाशी बसून मी तिला काय सांगू, आले मी, सगळं देऊन आले? ती उठून मला हाकलून देईल. ताप असला तरी देईल.

तर मी उद्या सकाळी निघते. आमच्याच होडीने, त्याच वाटेने. फाटकाशी येऊन बसते. उघडलंस तर दुपारपर्यंत तुझ्या ओसरीत असेन. नाही उघडलंस तर तिथेच बसून राहीन, रोज येऊन बसेन, मला दुसरं काम नाही, गोठाही सुनेकडे दिलाय.

आईने विचारलं, मकर आली का, तर तिला सांग, निघाली आहे. आली की नाही, ते मात्र मला विचारू नये. ते तुला ठाऊक असेल.

दाशरथीची आई


बालुगाव
२ फेब्रुवारी

मकर,

आज पहिल्यांदा उशीला टेकून बसले आहे. अक्षर कोंबडीच्या पायाचं आलंय, सुलोचनेने सांभाळून घ्यावं.

तू आलीस तेव्हा मी शुद्धीत होते की नाही ते मला नीट आठवत नाही. तू माझे पाय चोळत होतीस आणि म्हणत होतीस, “तुझ्यापेक्षा सुकवलेल्या बोंबलाला बरी कांती असते.” म्हणजे तूच होतीस. तू आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायली नाहीस, हे सून सारखं सांगते. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तेवढ्यावर तिचं पोट भरतं.

ज्या सकाळी तू फाटकाशी येऊन बसलीस, त्या सकाळी बिरंची ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. तेव्हा मला शुद्ध होती, पण मी डोळे मिटून होते. त्याला वाटलं मी झोपले आहे. मग त्याने माणसाला हाक मारली आणि म्हणाला, “सानकुदच्या म्हातारीची होडी सोडा. आई बरी होईपर्यंत सोडत जा.” एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

तेव्हापासून फाटक उघडं आहे. आता एक गंमत सांगते. रखवालदार रोज येऊन सांगतो की सानकुदचा अमका चौकशीला आला, तमका आला. दाशरथी तर येतोच, पण त्याचे चुलतभाऊ, मेहुणे, ज्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही अशी माणसं माझ्या तब्येतीची काळजी करत पहाटे फाटकातून आत येतात. होडीवर चटई पांघरलेली असते. त्यातला एकही माझ्या घरापर्यंत अजून पोचलेला नाही.

बिरंचीला हे कळत नाही असं समजू नकोस. त्याचे भागीदार त्याला बोलतात. रोज संध्याकाळी तो माझ्या खाटेशी येतो आणि विचारतो, “बोउ, आज कसं वाटतंय?” आणि मला कळतं की तो काय विचारतोय. मी कण्हते. आधी खरंच कण्हत होते, हल्ली थोडं ठरवून. तो बराच वेळ बसतो. काल म्हणाला, “डॉक्टर म्हणतात तू सुधारते आहेस.” मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतं. तो हसला नाही. पण उठलाही नाही.

मला पोटच्या मुलाला फसवायची भीती वाटते, मकर. आणि थांबायचीही भीती वाटते. काय करू, सांग.

तुझी
मकर


सानकुद
८ फेब्रुवारी

मकर,

तुझी चिठ्ठी ऐकली. सुलोचना मध्येच थांबून हसत होती, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. हल्लीच्या मुलींना एक काम धड येत नाही.

आधी इकडचं. दाशरथीची जाळी छपरावरून खाली आली. सानकुदमध्ये बऱ्याच दिवसांनी घराघरांतून बोईच्या कालवणाचा वास येतो. पोरं चुलीपाशी भांडतात, काटे कोण चोखणार म्हणून. पंच मला घाटावर नमस्कार करतात, आणि मान वळवून विचारतात, “तुमच्या मकरची तब्येत अजून बरी नाही ना?” मी म्हणते, नाही बाबा, फारच वाईट. ते म्हणतात, अरेरे, आणि जाळी उचलून चालू लागतात.

साहेबाचं येणं पुढे गेलंय म्हणतात. फाल्गुन म्हणत होते, आता चैत्र म्हणतात. आला तरी तो कुणाचं ऐकेल ते कालिजाईला माहीत. कागद त्यांच्याकडे आहेत. आमच्याकडे काय आहे? तू आहेस, आणि तुझी छाती.

तू विचारलंस, काय करू. मुलाला फसवते आहेस म्हणून घाबरू नकोस. तो रोज संध्याकाळी तुझ्या खाटेशी फसायलाच येऊन बसतो. त्याला फाटक बंद करायचं असतं तर डॉक्टरचं ऐकलं असतं. भागीदारांना दाखवायला त्याला आजारी आई हवी आहे, ती त्याला दे. एवढं तरी आईने मुलासाठी करावं.

पण मी काल घाटावर बसून नीट विचार केला. तू बरी झालीस तर ते म्हणतील, आई उठली, लावा फाटक. आणि तुझं काही बरंवाईट झालं, तर म्हणतील, आता चौकशी कुणाची, लावा फाटक. म्हणजे तुझी दोन्हीकडून अडचण आहे. सुलोचना म्हणते, असलं लिहू नका, आजारी माणसाला. मी म्हटलं, लिही, हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

तेव्हा ऐक, मकर. औषध वेळेवर घेत जा, कोळंबीच्या पैशाचं असलं तरी घे. डॉक्टरशी जास्त बोलू नकोस. ओसरीपर्यंत चालता यायला लागलं तर कुणाला दाखवू नकोस. मी दर आठवड्याला येऊन तुझे पाय चोळीन आणि बाहेर जाताना डोळ्यांना पदर लावीन, ते मला छान जमतं. तू बरी होऊ नकोस आणि मरूही नकोस. अशीच पडून राहा.

तुझी मकर